लपणातून पाळीवर : बडोद्यातील पक्षी-छायाचित्रणाचा इतिहास

लांब पल्ल्याची लेन्स लावलेला कॅमेरा हातातच धरून, तिवईचा आधार न घेता, रानातल्या पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याची रीत बडोद्याच्या परिसरात रुळली ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. त्याआधी शंभर वर्षे या भागात पक्षी होते, पक्ष्यांचे जाणकार होते आणि कॅमेरेही होते. पण या तिघांची गाठ क्वचितच पडे. गाठ पडायला तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या: पक्षी जवळून दिसतील अशी पाणथळ जागा, हाताला पेलणारी लेन्स आणि सकाळच्या कोवळ्या उजेडातही काम भागवील असा प्रकाशसंवेदी पृष्ठभाग. यांतली पहिली गोष्ट संस्थानी काळात आली आणि तिसरी अगदी अलीकडे.

पाणी आले ते पक्ष्यांसाठी नाही. तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत शहराला पिण्याचे पाणी पुरवण्यासाठी आजव्याचा जलाशय बांधला गेला आणि १८९२मध्ये त्याचे पाणी बडोद्यात आले. त्यानंतर सातआठ वर्षांत गुजरातेत छप्पनिया दुष्काळ पडला. संवत १९५६चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९००चा हा दुष्काळ मध्य गुजरातेच्या स्मरणातून अजून गेलेला नाही. या दुष्काळानंतर दहा वर्षांनी, १९१०मध्ये, संस्थानाने डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव बांधला तो शेतीसाठी. ओरसंग नदीवरच्या जोजवा बंधाऱ्यापासून कालव्याने आलेले पाणी इथे साठते आणि आजूबाजूच्या पंचवीसएक गावांच्या शेतीला जाते. तलाव उथळ आहे, काठाला पाणवनस्पती आहेत आणि भोवती मातीची पाळ आहे. छायाचित्रकाराच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे ही पाळ. तिच्यावरून चालता येते, पाणी नजरेच्या टप्प्यात राहते आणि पक्षी फारसे उंचावर नसतात. ज्या अभियंत्यांनी पाण्याचा दाब आणि शेताचा उतार मोजून ती घातली, त्यांच्या आराखड्यात पाणबदकांचा विचार नव्हता.

हिवाळ्यात इथे मध्य आशियातून आणि त्याही उत्तरेकडून पाणपक्षी उतरतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, मोठी आणि छोटी लालसरी, तलवार बदके, थापटे, वारकरी, आणि त्यांच्यावर घिरट्या घालणारे दलदली भोवत्ये. पट्टकादंबांचे थवे तलावातून उठून भोवतालच्या शेतांत चरायला जातात, त्यामुळे पाळीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून त्यांची ये-जा चालू असते. उडत्या पक्ष्याचे चित्र हवे असणाऱ्याला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र पक्षी जाणून घेण्याचे साधन बंदूक होते. उत्तर गुजरात आणि अबूच्या पक्ष्यांवर कॅप्टन ई. ए. बटलर यांनी १८७५पासून 'स्ट्रे फेदर्स' या ए. ओ. ह्यूम यांच्या नियतकालिकात लिहिले, ते मारून आणलेल्या नमुन्यांच्या आधारावर. बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवणारे हॅरल्ड लिटलडेल हे शेक्सपिअरचे अभ्यासक, पण फावल्या वेळात घरटी आणि अंडी गोळा करणारे. त्यांची बडोद्याकडची टिपणे ह्यूम यांच्या घरटी व अंड्यांवरच्या ग्रंथात आली आहेत. त्या काळच्या शास्त्राची ही रीतच होती: पक्षी दिसला असे कोणी म्हटले तर तो पुरावा होत नसे, त्याची पेंढा भरलेली कातडी दाखवावी लागे. बंदूकवाल्याला निदान भटकता येत होते. तो पाणथळीच्या काठाने चालत जाई, थवा उठला की बार टाकी. पुढे कॅमेरा आला तेव्हा ही मोकळीक पहिल्यांदा हिरावली गेली, ती शतकभर परत मिळाली नाही.

गंमत अशी, की उडत्या पक्ष्याची पहिली छायाचित्रमालिका हातात धरलेल्या साधनानेच घेतली गेली होती. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-जूल मारे यांनी १८८२मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. दस्ता खांद्याला लावायचा, नळीत लेन्स, आणि चाप ओढला की फिरत्या काचेवर सेकंदाला बारा चित्रे. प्रत्येकाचा अवधी १/७२० सेकंद. नेपल्सच्या किनाऱ्यावर त्यांनी समुद्रपक्षी टिपले. दोन वर्षांनी जर्मनीत ओटोमार आन्श्युट्झ यांनी पांढऱ्या करकोच्यांची उडती चित्रे घेतली. हाच करकोचा हिवाळ्यात गुजरातेतही येतो. मारे यांची चित्रे टपाल तिकिटाहून लहान होती आणि त्यांना हवे होते पंखांच्या हालचालीचे मोजमाप. पक्ष्याचे पीस न् पीस दिसावे ही अपेक्षा नव्हती. ती अपेक्षा ठेवली की मोठी काच, लांब लेन्स आणि जास्त उजेड लागे, आणि बंदुकीचा कॅमेरा तिथेच संपे.

टेलिफोटो लेन्स १८९१ साली इंग्लंडात टी. आर. डालमायर आणि जर्मनीत आडोल्फ मीठे व स्टाइनहाइल यांनी जवळजवळ एकाच वेळी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार केली. तिचे तत्त्व साधे आहे. पुढच्या बाजूला प्रकाश एकत्र आणणारा भिंगांचा गट, मागे प्रकाश किंचित पसरवणारा गट. या जोडीमुळे लेन्सचे नाभीय अंतर तिच्या प्रत्यक्ष लांबीपेक्षा जास्त होते, म्हणजे आखूड नळीत लांब लेन्सचे काम होते. मात्र या सुरुवातीच्या लेन्सांतून इतका कमी उजेड येई की झोपलेल्या घुबडाशिवाय दुसरा पक्षी टिपणे अवघड. त्याच सुमारास इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी रानातल्या घरट्यांची छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली होती. जवळ जाण्यासाठी त्यांनी बैलाच्या पोकळ कातड्यात बसण्याचाही प्रयोग केला. पक्षी घरट्यावर हमखास परत येतो, म्हणून कॅमेरा घरट्यापाशी रोवून, स्वतः लपणात बसून वाट पाहायची हा मार्ग त्यांनी घालून दिला आणि पुढची साठ-सत्तर वर्षे पक्ष्यांचे छायाचित्रण म्हणजे घरट्याचे छायाचित्रण असे समीकरण झाले.

बडोद्यात या काळात छायाचित्रण शिकवले जात होते. कलाभवनाची स्थापना १८९०ची, आणि त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांच्या आश्रयाने दादासाहेब फाळके तिथेच कॅमेरा, छपाई आणि रसायने शिकले. पुढे गोध्रा आणि पुन्हा बडोदा इथे त्यांनी छायाचित्रकाराचा धंदा केला. कॅमेऱ्याने माणसाची शक्ती शोषली जाते या लोकसमजुतीने बडोद्यात हा धंदा बसला. फाळके यांनी पक्षी टिपल्याची नोंद नाही. पण १९१२मध्ये चित्रपटाचा सराव म्हणून त्यांनी रोपाची वाढ रोज थोडीथोडी टिपून 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला, म्हणजे निसर्गाकडे कॅमेरा वळवण्याची बुद्धी बडोद्याच्या या विद्यार्थ्याला होती. त्याने कुंडीतले रोप निवडले याचे कारणही उघड आहे: रोप हलत नाही.

भारतात लपणाची परंपरा इंग्रज अधिकाऱ्यांनी रुजवली. रेल्वेतले ई. एच. एन. लोथर यांचे 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' हे पुस्तक १९४९मध्ये निघाले, त्यातले जग लपण, तिवई आणि घरटे यांचेच आहे. सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक लोक वान थो जपानी आक्रमणामुळे १९४२मध्ये भारतात आले, पक्षितज्ज्ञ सालिम अलींचे मित्र झाले, आणि १९४०च्या दशकात कच्छमध्ये त्यांच्याबरोबर हिंडून पक्ष्यांची छायाचित्रे घेऊ लागले. त्यांचे 'अ कंपनी ऑफ बर्ड्स' १९५७चे. सालिम अलींचे 'द बर्ड्स ऑफ कच्छ' १९४५मध्ये आले, आणि बडोदे संस्थानाचा विखुरलेला मुलूख ज्यात येतो त्या गुजरातच्या पक्ष्यांवरची त्यांची लेखमाला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५४-५५मध्ये. भावनगरच्या राजघराण्यातले धर्मकुमारसिंहजी यांचे 'बर्ड्स ऑफ सौराष्ट्र' १९५५चे. शिकारीच्या संस्कारात वाढलेली ही पिढी हळूहळू दुर्बिणीकडे आणि कॅमेऱ्याकडे वळत होती. पण कॅमेरा अजून जमिनीत रोवलेलाच होता.

तो उचलता का येत नव्हता हे समजायला थोडा हिशेब करावा लागतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा जुना ठोकताळा असा: लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाच्या तितक्याव्या भागाहून जास्त वेळ शटर उघडे ठेवू नये. ४०० मिमीच्या लेन्सला १/४००, व्यवहारात १/५०० सेकंद. ५० मिमीच्या साध्या लेन्सच्या तुलनेत ४०० मिमीची लेन्स पक्षी आठपट मोठा करते, आणि हाताचा कंपही आठपटच मोठा होतो. आता फिल्मची बाजू. १९३०च्या दशकातल्या पहिल्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मची संवेदनशीलता दहाच्या आसपास होती. भर उन्हात एफ/५.६ या छिद्राला तिला सुमारे १/८० सेकंद लागे, म्हणजे ४०० मिमी हातात धरण्याचा प्रश्नच नाही. १९७४मध्ये आलेल्या कोडाक्रोम ६४ने त्याच उन्हात, त्याच छिद्राला १/५०० सेकंद दिला. हिशेब जेमतेम जुळला, पण तो डोक्यावरच्या उन्हाचा. पक्षी जेव्हा सर्वांत हालते-चालते असतात त्या सकाळी, सूर्य क्षितिजाजवळ असताना, उजेड याच्या चौथ्या हिश्श्यावर येतो, शटर १/१२५वर घसरते आणि उडता पक्षी सोडाच, हातातला कॅमेराही स्थिर राहत नाही. कृष्णधवल फिल्म जास्त संवेदनशील होती, तिच्यावर काही जणांनी धाडस केले. रंगाचा हट्ट धरणारे तिवईवरच राहिले.

यंत्राच्या बाजूने प्रयत्न चालू होते. ३५ मिमी फिल्मचे, भिंगातूनच पाहता येणारे कॅमेरे १९३०च्या दशकात आले. १९५९च्या निकॉन एफपासून ते व्यावसायिकांच्या हाती रुळले. जर्मनीच्या नोव्होफ्लेक्स कंपनीने १९५०च्या दशकात ४०० मिमीची, पिस्तुलासारखी मूठ दाबली की फोकस सरकणारी लेन्स काढली. तिला खांद्याचा दस्ताही असे. सोव्हिएत संघात ३०० मिमी लेन्स आणि दस्ता असलेला 'फोटोस्नायपर' संच १९६५पासून बनू लागला. दोन्ही साधने पाहिली की मारे यांच्या बंदुकीची आठवण होते. पक्षी हातातून टिपायचा तर खांद्याचा आधार हवाच, या निष्कर्षाला अभियंते पुन्हा पुन्हा आले.

बडोद्यात ही साधने सहज मिळण्यासारखी नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या चाळीस वर्षांत आयातीवरचे निर्बंध आणि जकात यांमुळे चांगली टेली लेन्स परदेशी जाणाऱ्या नातेवाइकाकरवीच येई. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' ही कृष्णधवल फिल्म १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात होती, पण तिच्यावर रंगीत खंड्या उतरत नाही. शहरात छायाचित्रणाची एक जिवंत परंपरा होती, ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत. नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारखे शिक्षक लाभलेल्या या शाखेतून आलेले ज्योती भट्ट आणि राघव कनेरिया यांनी १९६०च्या दशकापासून ३५ मिमी कॅमेरा घेऊन गुजरातची खेडी पालथी घातली. हातात कॅमेरा धरून भटकणे त्यांना चांगले ठाऊक होते. पण त्यांचा कॅमेरा भिंतींवरच्या चित्रांकडे आणि माणसांकडे वळलेला होता. घराच्या दारात उभ्या असलेल्या बाईसाठी ५० मिमीची लेन्स पुरते, तलावाच्या मध्यावरच्या लालसरीसाठी नाही.

वन्यजीवांच्या छायाचित्रणात या काळात दक्षिण पुढे होती. संडूरच्या घोरपडे घराण्यातले मु. य. घोरपडे यांचे 'सनलाइट अँड शॅडोज' हे कृष्णधवल छायाचित्रांचे पुस्तक १९८३चे. मराठा संस्थानिकांच्या घरातून या कलेला मिळालेला हा बहुधा सर्वांत मोठा माणूस. बडोद्याच्या गायकवाडांचे योगदान संस्थात्मक राहिले. फत्तेसिंहराव गायकवाड हे १९६९मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेचे पहिले अध्यक्ष. बडोद्याजवळच राजपीपळ्याच्या जंगलात रिशाद नौरोजी यांनी १९८०च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा, त्यांच्या घरट्यांवर दीर्घ काळ नजर ठेवून, अभ्यास केला. २००६च्या त्यांच्या 'बर्ड्स ऑफ प्रे ऑफ द इंडियन सबकाँटिनंट' या ग्रंथामागे असे प्रदीर्घ निरीक्षण आहे. घरट्यावर आधारलेल्या जुन्या पद्धतीची उत्तम फळे या परिसराने पाहिली ती अशी.

पुढचे बदल झपाट्याने झाले. १९८५मध्ये मिनोल्टाने आणि १९८७मध्ये कॅननने स्वयंचलित फोकसचे कॅमेरे आणले. १९९५मध्ये कॅननने ७५-३०० मिमीच्या लेन्समध्ये कंपरोधक यंत्रणा बसवली: आतले संवेदक हाताचा कंप ओळखतात आणि भिंगांचा एक गट उलट दिशेला सरकवून चित्र जागेवर ठेवतात. १९९८ची १००-४०० मिमी लेन्स याच यंत्रणेसह आली आणि भारतातल्या पक्षीछायाचित्रकारांची अनेक वर्षे लाडकी राहिली. जाहिरातींनी हातातल्या छायाचित्रणाचे सगळे श्रेय कंपरोधाला दिले, ते तितकेसे खरे नाही. कंपरोध माणसाचा हात थांबवतो, पक्ष्याचा पंख थांबवत नाही. फांदीवर बसलेल्या धीवरासाठी त्याचा उपयोग मोठा. डोक्यावरून जाणाऱ्या पट्टकादंबासाठी १/१००० किंवा त्याहून वेगाचे शटर लागतेच, आणि सकाळच्या उजेडात ते देऊ शकली ती डिजिटल संवेदकाची वाढलेली संवेदनशीलता.

२००३-०४मध्ये कॅनन ३००डी आणि निकॉन डी७० हे मध्यमवर्गाच्या आवाक्यातले डिजिटल एसएलआर आले. रोलच्या छत्तीस चित्रांची मर्यादा गेली, धुलाईचा खर्च गेला. त्यानंतरच्या दहा वर्षांत आयएसओ १६०० हा संवेदनशीलतेचा आकडा भीतीदायक राहिला नाही. कोडाक्रोम ६४च्या पंचवीसपट असलेल्या या संवेदनशीलतेवर, भर उन्हाच्या सोळाव्या हिश्श्याइतक्या पहाटेच्या उजेडातही एफ/५.६ला १/८०० सेकंद मिळतो. जुना हिशेब असा उलटला. २०१४च्या सुमारास टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या १५०-६०० मिमीच्या आणि २०१५मध्ये निकॉनची २००-५०० मिमीची, दोन-सव्वादोन किलोच्या लेन्सा आल्या. त्यांच्या आधी ६०० मिमीचा पल्ला हवा तर पावणेचार किलोहून जड, मोटारीच्या किमतीची लेन्स आणि तिला साजेशी तिवई घ्यावी लागे. बडोद्यातले डॉक्टर, अभियंते, रिफायनरीतले नोकरदार, दुकानदार असे शनिवार-रविवार मोकळा असलेले लोक या छंदाकडे वळले ते या लेन्सांमुळे.

वढवाण्याच्या पाळीवर आता एक ठरलेले तंत्र दिसते. डावा तळहात लेन्सच्या पोटाखाली, कोपरे बरगड्यांना टेकलेली, कॅमेऱ्याची पाठ भुवईला, एक पाय पुढे. पक्षी दूर असतानाच फोकस धरायचा, कमरेतून वळत त्याच्यामागे जायचे आणि तो समोर येण्याच्या किंचित आधी दाबायला लागायचे. जाणते लोक वाऱ्याकडे लक्ष देतात. जड पाणपक्षी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून उठतात. हिवाळ्यात या भागात वारा बहुधा उत्तर-ईशान्येचा आणि सकाळी सूर्य पूर्वेला, तेव्हा पाण्याच्या पूर्वेकडे उभे राहिलेल्याला पक्षी समोर येतानाही मिळतो आणि उजेडातही. पश्चिमेला उभे राहिलेल्याच्या वाट्याला पाठमोऱ्या काळ्या आकृत्या येतात. अशा हिशेबात तिवई आडवीच येते; ती हलवेपर्यंत थवा निघून जातो.

या बदलाचा शास्त्राला झालेला लाभ थेट आहे. एखादा दुर्मीळ पक्षी दिसला तर पूर्वी कातडी मागत, आता छायाचित्र मागतात. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाने वढवाण्याच्या पाणपक्ष्यांचा अभ्यास केला आहे, वनखाते गणना करते, आणि त्यांच्या जोडीला हौशी लोकांची तारीखवार चित्रे जमा होत राहतात. ऑगस्ट २०२१मध्ये वढवाणा आणि अहमदाबादजवळचे थोळ यांना रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले. ६३० हेक्टरांच्या वढवाण्यात मध्य आशियाई स्थलांतरमार्गावरच्या ऐंशीहून अधिक जातींचे पाणपक्षी येतात हे त्यामागचे मुख्य कारण. नोंदीत मोठा मत्स्यगरुड, छोटी लालसरी, झोळीवाला डॅल्मेशियन पेलिकन अशा संकटग्रस्त किंवा त्या वाटेवरच्या जाती आहेत.

तोटाही झाला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जंगली पक्ष्यांची घरटी किंवा अंडी विचलित करणे शिकारीच्या व्याख्येत घातले आहे, आणि अलीकडे अनेक स्पर्धा व मंडळे घरट्यांची चित्रे स्वीकारतच नाहीत. लोथरच्या पिढीचा मुख्य विषय असा नव्या पिढीला वर्ज्य झाला. पण घरट्यापासून दूर झालेला माणूस थव्याच्या मागे लागला. लपणात बसलेला छायाचित्रकार निदान दिसत नसे. पाळीवरून पुढे सरकणारे दहा-बारा जण दिसतात, आणि नुकता हजारो किलोमीटर उडून आलेला थवा विसाव्याच्या जागेवरून पुन्हा पुन्हा उठतो. उडते चित्र मिळावे म्हणून खडा मारून पक्षी उठवणारेही आहेत. लपणाची जुनी पद्धत घरट्याला त्रासदायक होती आणि नवी थव्याला, इतकाच दोहोंतला फरक.

२०२०पासूनच्या मिररलेस कॅमेऱ्यांनी शेवटची अडचणही बरीचशी दूर केली. कॅनन आर५ आणि २०२१ची सोनी ए१ हे पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखून त्यावर फोकस धरतात. संवेदकच हलवून कंप रोखण्याची सोय कॅमेऱ्याच्या शरीरात आली. २०१८च्या निकॉनच्या ५०० मिमी लेन्सचे वजन दीड किलोहून कमी आहे. तरीही एक गोष्ट यंत्रांच्या आवाक्याबाहेर राहिली आहे. डिसेंबरातही ऊन चढले की पाणी आणि पाळ यांच्यावरची हवा असमान तापते, तिच्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो आणि शंभर मीटरवरचा पक्षी कोणत्याही लेन्समधून, कितीही वेगाच्या शटरला, लवलवता येतो. लेन्स जितकी लांब तितका हा दोष ठळक. म्हणून साडेनऊ-दहानंतर वढवाण्याच्या पाळीवरचे अनुभवी लोक लेन्सांना टोपणे लावतात आणि दुर्बिणीने मोजदाद करत बसतात.